छाया अर्थव्यवस्था : आकार आणि कारणे

अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत "तुमची महिन्याची मिळकत किती, आणि त्यातली कागदावर किती?" असं तोंडावर विचारणारा, आणि तरीही आजवर एकदाही मार न खाल्लेला, जगाच्या पाठीवर एकच माणूस आहे. दुर्दैवानं तो माझा साडू आहे. साडू हे नातं कुणी मागून घेत नाही, ते बायकोबरोबर येतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गृहस्थ ताठ बसले होते, घरचे थोरले जावई. सगळ्यांनी मला शिक्षण विचारलं, गाव विचारलं, एका काकांनी पत्रिकेचं विचारलं. ह्यांनी चष्मा पुसत विचारलं, "पगाराव्यतिरिक्त काही?" मी म्हटलं, "नाही हो." त्यावर ते सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "एक तर खरंच नाहीये, किंवा सांगत नाहीये. दोन्ही शक्य आहे." लग्न जमलं, पण माझ्या सासऱ्यांनी पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे जरा तिरप्या नजरेनंच पाहिलं.

साडूंची सगळी नोकरी सरकारच्या आकडेमोडीच्या एका खात्यात गेली. गावोगाव हिंडायचं, घरोघर जायचं, लोक काय करतात, किती कमावतात, किती खातात ते विचारायचं आणि लिहून आणायचं. पद्धत ठरलेली. कुटुंबप्रमुखाला समोर बसवायचं आणि घरातल्या प्रत्येकाबद्दल त्यालाच विचारायचं. "हे वडील?" "शेती." "हा भाऊ?" "मिलमध्ये." "आणि ह्या?" "ही काही नाही करत. घरीच असते." की साडूंनी लिहिलंच, काम करत नाही. अशा किती बायकांना त्यांनी एका फटक्यात बिनकामाचं करून टाकलं असेल, देव जाणे. त्यातल्या निम्म्याअधिक त्या वेळी आत ह्यांच्यासाठीच चहा टाकत असणार. हीच शिस्त साडूंनी स्वतःच्या घरीही लावली होती. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुमच्या मिसेस काय करतात?" की ह्यांचं उत्तर तयार, "छाया? काही नाही. घरीच असते." आणि मागे उभ्या असलेल्या छायाताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, पदरानं घाम टिपत हसायच्या. छायाताई चांगल्या भरल्या अंगाच्या, आणि हसल्या की आख्ख्या हसतात, त्यामुळे ते हसू कुणाच्या नजरेतून सुटत नसे, साडू सोडून.

रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीला लागतात. आमचे साडू छाया अर्थव्यवस्थेला लागले. कुठल्याशा वाचनालयात त्यांनी त्या विषयावरचं काहीतरी वाचलं आणि तिथून जे पछाडले ते पछाडलेच. छाया अर्थव्यवस्था म्हणजे अशी कमाई की जी होते, खर्चही होते, पण सरकारच्या कुठल्याच कागदावर उमटत नाही. आम्ही आपले साधे लोक, आम्ही त्याला काळा पैसा म्हणायचो. तसं म्हटलं की साडूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अहो, लाच, चोरी, तस्करी, तो काळा पैसा! हा कष्टाचा पैसा आहे, घामाचा आहे. फक्त सावलीत उभा आहे बिचारा. काळा म्हणू नका त्याला, छाया म्हणा." मग ते हाताची बोटं पुढे करून कारणं सांगायचे. करंगळी, कर फार. अनामिका, नियम किचकट, एक दुकान टाकायचं तर सतरा ठिकाणी चपला झिजवायच्या. मधलं बोट, पक्क्या नोकऱ्या नाहीत. तर्जनी, सरकारवर भरवसा नाही, दिलेल्या पैशाचं पुढे काय होतं कळत नाही. आणि अंगठा? "अंगठा म्हणजे आपला स्वभाव." हे त्यांनी माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात, पंगतीत, श्रीखंडाच्या हातानं सांगितलं. नवऱ्यामुलाचा बाप इमिटेशन ज्वेलरीच्या धंद्यातला, त्याच्या घशाखाली पुरी उतरेना. दक्षिण अमेरिकेत हे प्रकरण केवढं मोठं आहे, आफ्रिकेत त्याच्यावर आख्खी शहरं कशी चालतात, युरोपातसुद्धा दक्षिणेकडे गेलं की गवंडी नि सुतार "बिल हवं का?" असा प्रश्न कसा विचारतात, आणि अगदी घड्याळासारखं चालणाऱ्या देशांतही घर झाडणाऱ्या बाईच्या हातावर रोख कशी टेकवतात, हे सगळं साडूंना तोंडपाठ. स्वतः कधी महाराष्ट्राच्या पलीकडे गेले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

जगाचं वाचून झाल्यावर त्यांनी मीरा-भाईंदर मोजायला घेतलं. सकाळी नाश्ता झाला की खांद्याला पिशवी, डोक्याला टोपी, "छाया, मी फील्डवर चाललोय," आणि निघाले. भाईंदरला गाळ्यांच्या गल्लीत जायचे आणि बंद शटरला कान लावून आत किती मशिनं चालतात ते ऐकायचे. काशीमीऱ्याला गॅरेजवाल्याला विचारायचे, "हा पोरगा पगारावर आहे की नुसता आहे?" मीरा रोडला शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये बसून ड्रायव्हरला म्हणायचे, "पावती मिळेल का?" एकदा एका ड्रायव्हरनं रिक्षाच थांबवली. "अंकल, पावती चाहिए तो बस में जाओ. इधर हवा मिलेगी." साडूंनी तिथेच उतरून लिहून घेतलं, सेवाक्षेत्र, पावतीविरहित, स्वभाव विनोदी. पाणीपुरीवाले त्यांना इन्कम टॅक्सचा माणूस समजायचे. ते कोपऱ्यावर दिसले की गाडीवरचा गल्ल्याचा डबा खाली पुऱ्यांच्या पोत्यात जायचा. साडू मात्र मनापासून दुखावून म्हणायचे, "अरे, मला पकडायचं नाहीये तुम्हाला. मला फक्त मोजायचंय." ह्या दोन गोष्टींतला फरक पाणीपुरीवाल्याला पटवणं कुणाच्याही बापाला जमणार नाही.

त्यांना आजवर त्यांचाच प्रश्न उलटून विचारला तो एकाच बाईनं. उत्तनच्या अलीकडच्या चौक गावातून एक मावशी त्यांच्या इमारतीत मासे घेऊन येते. जिन्यापाशी तिनं टोपली उतरवली रे उतरवली, साडू पेन घेऊन हजर. "मावशी, वर्षाचं उत्पन्न साधारण किती धरू?" मावशी बोंबील साफ करताकरता म्हणाली, "कंचा उत्पन्न? आज हाय, उद्या न्हाय. दर्याला इचार जाऊन." साडूंनी लिहिलं, अनियमित. मग मावशीनं मान वर केली. "आनि तुमचा पेन्शन कवरा हाय?" साडू कानापर्यंत लाल झाले. "ती खाजगी बाब आहे," म्हणाले, आणि पावशेर जवळा जास्तीचा घेऊन वर गेले. मावशी त्यानंतर त्यांना "खाजगी बाबा" म्हणू लागली.

हे सगळं चाललेलं असताना, ज्या घरातून हा माणूस रोज सावल्या मोजायला बाहेर पडायचा, त्या घरात काय चाललं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काशीमीऱ्याच्या नाक्यावर आमच्या रत्नागिरीकडच्या एका माणसाचं मालवणी जेवणाचं हॉटेल आहे. त्याच्याकडच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी छायाताईंच्या स्वयंपाकघरातून जायच्या. हे साडूंच्या नोकरीच्या दिवसांपासूनचं. सुरुवातीला त्या एकट्याच करायच्या. मग शेजारच्या हंसाबेन आल्या, मग वरच्या मजल्यावरची नवऱ्यानं टाकलेली एक मुलगी आली, मग आणखी दोघी. हॉटेलं वाढली. साडू फील्डवर गेले की पाचही जणी जमायच्या आणि भाकऱ्यांचा थपथपाट सुरू व्हायचा. कधी साडू लवकर परतलेच, तर छायाताई आतूनच म्हणायच्या, "आज मंडळ आहे हो." साडूंना वाटायचं, भजनी मंडळ. तो थपथपाट त्यांना टाळ्यांचा वाटायचा. बायकांचं भजन चाललंय म्हटल्यावर ते सज्जनपणानं स्वयंपाकघराच्या दाराशीसुद्धा फिरकत नसत. भाकऱ्यांचे भलेमोठे डबे रिक्षातून निघाले की ते कौतुकानं मला म्हणायचे, "केवढा प्रसाद वाटते बघा. हात फार सैल आहे तिचा." घरातली बिलं भरणं, सामान भरणं हे सगळं छायाताईंकडे. साडूंच्या हातात पगार होता तोवर ते तो आणून द्यायचे आणि आम्हाला उपदेश करायचे, "एका सरकारी पगारात मीरा रोडला फ्लॅट झाला, मुलीचं इंजिनिअरिंग झालं. नियोजन लागतं, नियोजन!" माझी बायको त्या वेळी बशीतला चिवडा बोटांनी चिवडत खाली बघायची.

एकदा मी छायाताईंना विचारलं, सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "ते रागावतील म्हणून नाही हो. ते कशाला रागावतील? पण त्यांना खोटं बोलता येत नाही. कुणी विचारलं की सांगून मोकळे होणार. आमच्या कमिटीला तर निमित्तच पाहिजे. घरात धंदा म्हणून दुकानाचा मेंटेनन्स लावतील, नाहीतर बंद करा म्हणतील. मी काय, मी राहीन पेन्शनवर. वरच्या पोरीनं कुठे जायचं? तिची मुलगी आत्ता शाळेत लागलीय." तेव्हा सगळ्यांनी शपथ घातल्यासारखं तोंड शिवून ठेवलं होतं. आख्ख्या इमारतीला माहीत असलेली गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा एकच माणूस होता, आणि तो अशाच गोष्टी शोधत उन्हातान्हात वणवण फिरत होता.

आणि मग ती नोटीस लागली. इमारतीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी साडूंना व्याख्यान द्यायला सांगितलं. दर महिन्याला कुणीतरी गुडघेदुखीवर बोलायचं, लोकांना बदल हवा होता. साडूंनी आपल्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात स्वतः कागद लिहिला आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर डकवला. "रविवारी संध्याकाळी, पार्किंगमध्ये. विषय : छाया अर्थव्यवस्था, आकार आणि कारणे. सर्वांनी यावे. प्रश्नोत्तरे होतील."

आता मला सांगा, ज्या इमारतीत छाया नावाची एकच बाई राहते, तिच्या नवऱ्यानं असा कागद लावल्यावर लोकांनी काय समजायचं? अर्थव्यवस्था म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक नव्हतं, पण छाया कोण ते वॉचमनलाही ठाऊक होतं. त्यानं दूधवाल्याला वाचून दाखवलं, "अंकल संडे को भाभी पे भाषण देंगे." तळमजल्यावरच्या एका बाईंनी गालावर हात ठेवला. "अगं बाई! बायकोच्या आकाराबद्दल कुणी चारचौघांत बोलतं का? आणि कारणं काय सांगणार, भात?" हंसाबेनना त्यातलं गांभीर्य लगेच कळलं. "छायाबेन, तुमच्या मिस्टरला समदा मालूम पडला. ते हिशेब वाचणार." झालं. सोमवारपासून मंडळाला एकेक जण दांडी मारू लागली. वरची मुलगी तेवढी यायची, तीही रडत. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी छायाताईंना लिफ्टमध्ये गाठून गोड आवाजात सांगितलं, "भाभी, हमको तो पहले से मालूम था, हम कुछ बोले नहीं. लेकिन अब घर का आदमीच नोटिस लगाएगा, तो कमिटी को भी ॲक्शन लेना पड़ेगा ना."

छायाताईंचा फोन आला तेव्हा माझ्या बायकोनं पोळी तव्यावर तशीच टाकली आणि मला घेऊन निघाली. आम्ही गेलो तर साडू हॉलमध्ये व्याख्यानाची तयारी करत बसलेले, जगाचा नकाशा जमिनीवर पसरलेला. मी म्हटलं, "साडूभाऊ, तेवढं शीर्षक बदला. समांतर म्हणा, अनौपचारिक म्हणा, काही म्हणा." ते म्हणाले, "का? अनौपचारिक वेगळं, समांतर वेगळं. छाया हाच शब्द बरोबर आहे." बायको म्हणाली, "भाऊजी, अहो लोकांना वाटतंय तुम्ही ताईवर बोलणार आहात!" साडू मोकळेपणानं हसले. "छायावर? छायावर काय बोलायचं? ती काही करत नाही." आत भाकरीची थपथप चालू होती ती थांबली. छायाताई दाराशी आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग नकाशाकडे पाहिलं आणि आत गेल्या. थपथप पुन्हा सुरू झाली, जरा जोरातच. "बघा," साडू खुशीत म्हणाले, "मंडळ चालू आहे." मला त्या क्षणी तो नकाशा गुंडाळून त्या माणसाच्या डोक्यात घालावासा वाटला. बायकोनं माझा हात धरला म्हणून वाचले.

रविवारी पार्किंगमध्ये उभं राहायला जागा नव्हती. गुडघेदुखीला पाचदहा जण यायचे, इथे लोक स्कूटरवर बसलेले, जिन्यावर बसलेले, दोघं तर शेजारच्या इमारतीतून आले होते. छायाताई पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता बसल्या होत्या. साडूंना गर्दी बघून गहिवरूनच आलं. "ह्या विषयाबद्दल एवढी आस्था असेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले, आणि दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात केली. लोक वाट बघत होते. आफ्रिका झाली, ग्रीस झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, मीरा रोड कधी?" साडू म्हणाले, "आलोच." आणि जे सुरू झाले! कुणाचंही नाव न घेता त्यांनी सगळी इमारत उलगडली. घरच्या घरी शिकवण्या घेणारे, फॉल-पिको करणारे, गाळ्यात एक मशीन दाखवून दोन चालवणारे, भाड्याची खोली भाच्याला दिलीय म्हणून सांगणारे. छायाताईंची मजा बघायला आलेली मंडळी आता आपापल्या चपलांकडे बघू लागली. सेक्रेटरींनी उगाच मोबाइल काढून कानाला लावला.

"आता लोक हे सांगत नाहीत," साडू म्हणाले, "मग मोजायचं कसं? जगभरचे अभ्यासक विजेवरून मोजतात. माणूस लपवतो, मीटर लपवत नाही. मी आपल्याच इमारतीतले सगळे मीटर वर्षभर पाहिले. कुठला मीटर कुणाचा, हे मुद्दाम बघितलं नाही, ती आमच्या खात्याची शिस्त. आणि मित्रहो, एक मीटर असा सापडला की मी थक्क झालो. सकाळी दहाला पळायला लागतो तो दुपारपर्यंत थांबत नाही. मिक्सर, मोठा फ्रीज, एक्झॉस्ट. त्या घरात नक्कीच एक छोटा कारखाना आहे. उत्तम चालणारा. ह्या इमारतीतला सगळ्यात मोठा." आणि त्यांनी कागदावरून मीटरचा नंबर वाचला.

सेक्रेटरीच म्हणाले, "अंकल, ये तो आपकाच मीटर है."

साडूंनी कागद बघितला. चष्मा काढला, पुसला, परत बघितला. मग त्यांनी छायाताईंकडे पाहिलं. मी आयुष्यात बरेच चेहरे पडताना पाहिलेत, पण हा पडला नाही, हा हळूहळू उलगडत गेला. मंडळ, प्रसाद, टाळ्या, मुलीची कॉलेजची फी, फ्लॅटचे हप्ते, सगळं त्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना दिसत होतं. "नियोजन..." एवढंच ते पुटपुटले.

सेक्रेटरी कसले सोडतायत! ते पुढे आले. "अंकल, आप तो झूठ बोलते नहीं. सबके सामने बोल दो. भाभी घर में बिझनेस करती है, हां या ना? हां बोला तो कमर्शियल मेंटेनन्स लगेगा, मैं पहले ही बोल देता हूं." वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात उभी होती, तिनं लेकीला पोटाशी धरलं. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना माहीत होतं हा माणूस काय बोलणार. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

साडूंनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. म्हणाले, "हे मी कसं सांगू? मला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं. ज्याचं काम त्यालाच विचारायला पाहिजे." आणि ते चालत छायाताईंच्या समोर गेले. जसे कुठल्यातरी लांबच्या गावातल्या ओसरीवर जायचे तसे, जरा वाकून, अदबीनं. "बाई, तुम्ही काय काम करता?"

बायकोला "तुम्ही" म्हटलेलं ऐकून मागे कुणीतरी फिसकन हसलं. छायाताई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता, ते आम्हाला सगळ्यांना त्यांच्याकडे बघून कळत होतं. त्यांच्या ओठांवर उत्तर आलंही असेल. मग त्यांची नजर जिन्याकडे गेली, त्या मुलीकडे.

"काही नाही," छायाताई म्हणाल्या. "घरीच असते."

"नक्की?" साडूंनी पेन कागदावर टेकवलं.

"नक्की. लिहा."

सांगणाऱ्यानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं, ही खात्याची शिस्त. साडूंनी लिहिलं. तेवढ्यात हंसाबेन ताडकन उठल्या. "मी पन कंई नथी करती. घरमां." शिकवण्यावाले मास्तर म्हणाले, "मीही आपला रिकामाच असतो." फॉल-पिकोवाल्या बाई म्हणाल्या, "मला तर दिवस खायला उठतो." मग एकेक करत आख्ख्या पार्किंगनं कबुली दिली की ह्या इमारतीत कुणीच काही करत नाही. दोन-दोन एसी आणि दारात गाड्या असलेली ती इमारत त्या संध्याकाळी संपूर्णपणे बेकार ठरली. कुणीतरी सेक्रेटरींना विचारलं, "भाई, त्या खांबापाशी तुम्ही बाहेरच्यांच्या दोन गाड्या रोज लावू देता, त्या कोणाच्या?" "गेस्ट की है," ते म्हणाले. "रोज?" एवढा हशा पिकला की सेक्रेटरीही शेवटी हसले, आणि ॲक्शनचं राहूनच गेलं. सोमवारी मंडळाला पाचही जणी हजर होत्या.

त्या संध्याकाळी आम्ही वर चहाला थांबलो. साडू म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आज तुम्ही काय बोलला असतात?"

"खरं."

"म्हणून," छायाताई म्हणाल्या, आणि कपात साखर ढवळत राहिल्या.

"मी पेन उघडलं होतं, छाया. तू सांगितलं असतंस तर लिहिलं असतं मी. काय वाटेल ते झालं असतं तरी लिहिलं असतं."

"बघितलं मी," छायाताई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तरी पाहिलं नव्हतं. साडू उठले आणि छायाताईंच्या पिठाच्या डब्याचं झाकण उगाच काढून परत लावून आले.

ह्याला आता वर्ष होत आलं. साडूंचं फील्डवर जाणं थांबलंय. परवा मी काशीमीऱ्याला बसची वाट बघत उभा होतो. ट्रकांच्या धुरळ्यात काही दिसत नव्हतं. समोर एक रिक्षा थांबली आणि त्यातून साडू उतरले. आता थकलेत, उतरायलाही वेळ लागतो. दोन्ही हातांत भाकऱ्यांचा मोठा डबा, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर स्वतःचा धुतलेला रुमाल पसरलेला. हॉटेलच्या मागच्या दाराशी नवीन पोऱ्या होता. त्यानं हटकलं, "अंकल, किधर? किसके यहाँ से?"

"छायाताईंकडून आलोय," साडू म्हणाले. पोऱ्याला नाव नवीन असावं, तो नुसता बघत राहिला. तेव्हा साडूंनी डबा छातीशी जरा वर घेतला आणि मराठीतच, सावकाश, त्याला समजावं म्हणून म्हणाले, "भाकऱ्या करतात त्या. फार मोठं काम आहे त्यांचं. माझ्या मिसेस आहेत त्या."